वेबहुक सबस्क्रिप्शन कोडमधून तयार करताना: कधी ४००, कधी दोनदा ऑर्डर, आठवड्याने शांतता

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये तुमची चार जणांची कंपनी आहे. एका घाऊक स्टेशनरीवाल्याच्या ऑर्डरी त्याच्या आउटलुकच्या मेलबॉक्समध्ये येतात. मेल आला की तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर उघडावी, म्हणून मायक्रोसॉफ्ट ग्राफच्या एपीआयला (बाहेरच्या सॉफ्टवेअरला आउटलुकच्या मेलशी बोलायची सोय) पोस्ट करून, म्हणजे मागणी पाठवून, तुम्ही वेबहुक सबस्क्रिप्शन तयार करता: नवा मेल आला की ग्राफने तुमच्या सर्व्हरच्या वेब पत्त्यावर स्वतः सूचना पाठवावी, अशी नोंदणी. सर्व्हर सुरू होताना हा कोड चालतो. तक्रारी तीन आहेत. कधीकधी सबस्क्रिप्शन तयारच होत नाही, ४०० (‘मागणी चुकीची’ असं सांगणारा उत्तराचा आकडा) येतो आणि व्हॅलिडेशन फेल झालं असं सांगतो. काही ऑर्डरी दोनदा उघडतात. आणि साधारण आठवड्याने सगळं गप्प होतं, लॉगमध्ये एक ओळही नसते. शेवटी तुम्ही विचारलंय की हे सोडून पुन्हा दर पाच मिनिटांनी मेलबॉक्स तपासायच्या जुन्या पद्धतीवर जावं का.

जाऊ नका. तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत आणि तिघींचं मूळ बरंचसं एकाच ठिकाणी आहे.

मी महापेला गेली चौदा वर्षं हेच काम करते, एका कंपनीचं सॉफ्टवेअर दुसरीच्या सॉफ्टवेअरशी जोडायचं. या काळात एक गोष्ट मला पक्की कळली. सबस्क्रिप्शन तयार करणं म्हणजे समोरच्या सेवेशी करार करणं. आपल्याकडे घर भाड्याने देताना अकरा महिन्यांचा करार होतो तसा. त्यात मुदत असते, अटी असतात, आणि सही करताना जी अट घालायची राहिली ती मधेच घालता येत नाही, नवा कागद करावा लागतो. आपण मात्र कोड लिहिताना त्या पोस्टकडे एका फंक्शनच्या हाकेसारखं बघतो, २०१ (‘तयार झालं’) आला की काम झालं असं धरतो. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारींचं बी त्याच एका पोस्टमध्ये पेरलेलं आहे.

आधी ४०० चं बघू, कारण त्याचं कारण तुमच्या वर्णनातच दिसतंय.

ग्राफला तुम्ही सांगता की सूचना अमुक पत्त्यावर पाठव. तो पत्ता खरंच तुमचा आहे का, हे ग्राफ लगेच तपासतं. तुमची पोस्ट रिक्वेस्ट अजून उत्तराची वाट बघत उभी असतानाच ग्राफ तुमच्या पत्त्यावर स्वतः एक पोस्ट करतं, त्यात क्वेरीमध्ये व्हॅलिडेशन टोकन असतं. ते टोकन डीकोड करून, साधा मजकूर म्हणून, २०० (‘ठीक’) सोबत दहा सेकंदांत परत द्यायचं. ते नीट मिळालं तरच तुमच्या मूळ रिक्वेस्टला २०१ मिळतो, नाहीतर ४००.

आता तुमचा कोड बघा. सर्व्हर सुरू होतो, पहिल्या काही ओळींत सबस्क्रिप्शनची पोस्ट जाते, ती पूर्ण झाल्यावर सर्व्हर पोर्टवर ऐकायला लागतो. म्हणजे ग्राफ दार ठोठावतं तेव्हा दार उघडायला घरात कुणीच नसतं. तुम्ही ग्राफच्या उत्तराची वाट बघताय, ग्राफ तुमच्या उत्तराची. मग कधीकधी चालतं ते कसं? डिप्लॉय करताना, म्हणजे नवा कोड चढवताना, जुना सर्व्हर अजून काही क्षण जिवंत असला तर दार तो उघडतो, टोकन तोच परत देतो, आणि श्रेय नव्या कोडला जातं. जुना आधीच बंद झाला असेल त्या दिवशी ४००. म्हणून तुम्हाला हे नशिबावर अवलंबून असल्यासारखं वाटतंय.

यावर उपाय म्हणजे सबस्क्रिप्शनचं काम सर्व्हरच्या सुरुवातीतून पूर्ण बाहेर काढा. वेगळा जॉब (स्वतंत्र चालणारा छोटा प्रोग्रॅम) करा, तो सर्व्हर उभा राहून सार्वजनिक पत्त्यावरून उत्तर देतोय याची खात्री करूनच पोस्ट करेल. लॅपटॉपवर चाचणी करताना एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारा डेव्हलपमेंट सर्व्हर असेल आणि पोस्ट त्याच्याच आतून जात असेल तर हीच कोंडी तिथेही होते, तेव्हा तिथेही जॉब वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा.

दार उघडं असूनही ४०० येत असेल तर माझ्या अनुभवात कारणं ठरलेली असतात. फ्रेमवर्क (सर्व्हर ज्यावर बांधलाय तो तयार सांगाडा) टोकनला जेसन (डेटा लिहायची ठरलेली मांडणी) समजून भोवती अवतरणचिन्हं घालतं. लॉगिन तपासणारं किंवा फॉर्मची बनावट रोखणारं मिडलवेअर (रिक्वेस्ट आत येण्याआधीचा तपासणीचा थर) ग्राफलाच ४०३ (‘मनाई’) देऊन हाकलतं. टोकन डीकोड करायचं राहतं. आणि एक जरा लपलेलं कारण, सर्टिफिकेटची (साइटची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची) मधली कडी सर्व्हरवर बसवलेली नसते. क्रोममध्ये साइट व्यवस्थित उघडते, कारण ब्राउझर ती कडी बहुतेक वेळा स्वतः मिळवतो. सर्व्हर ते सर्व्हर बोलताना तेवढी सवलत मिळत नाही. म्हणून पत्ता ब्राउझरमधून कधी तपासू नका, दुसऱ्या एखाद्या मशीनवरून कमांड लाइनवर कर्ल या साधनाने तपासा.

आता दोनदा उघडणाऱ्या ऑर्डरी. इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण याच चुकीने मला दोन आठवडे झोपू दिलं नव्हतं.

वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याचं असंच काम मी केलं होतं. मेलवर ऑर्डर, त्यावरून चलान, चलान घेऊन माल टेम्पोत. एका सोमवारी सकाळी फोन आला. हळदीच्या गोण्यांची जी ऑर्डर शुक्रवारी रवाना झाली होती, तिचंच चलान पुन्हा छापलं गेलं होतं, माथाडींनी गोण्या पुन्हा चढवल्या होत्या आणि टेम्पो गेटबाहेर पडल्यावर मेहताजींच्या लक्षात आलं. त्या दिवशीची हमाली, टेम्पोचं भाडं आणि गिऱ्हाइकासमोर झालेली शोभा, सगळं माझ्या कोडमुळे. मी लगेच धरून चालले की हा रिट्रायचा प्रकार आहे. वेबहुकची कुठलीही सेवा एकच सूचना दोनदा पाठवू शकते, हे आपल्याला पाठ असतं. पण मी मेलचा आयडी डेटाबेसमध्ये युनिक ठेवला होता. आयडी आधीच असेल तर दुसरी ऑर्डर उघडायलाच नको होती. लॉग काढले तर दोन्ही सूचनांमधले आयडी खरंच वेगवेगळे. मेल मात्र तोच, पाठवणारा तोच, वेळ तीच.

शेवटी एका शनिवारी संध्याकाळी मी गाळ्यावरच जाऊन बसले. हिशोब आटोपल्यावर मेहताजींनी आउटलुक उघडलं आणि आठवडाभरात रवाना झालेल्या ऑर्डरींचे मेल एकेक करून ‘पूर्ण’ नावाच्या फोल्डरमध्ये ओढायला लागले. टापटिपीचा माणूस. प्रत्येक मेल ओढला की माझ्या फोनवर लॉगची नवी ओळ. मेल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये गेला की आउटलुकमध्ये त्याचा आयडी बदलतो. आणि मी सबस्क्रिप्शन अख्ख्या मेलबॉक्सवर घेतलं होतं, त्यामुळे ‘पूर्ण’ फोल्डरमध्ये नवीन मेल तयार झाला अशी सूचना येत होती. सूचना खरी होती, प्रश्न मी चुकीचा विचारला होता.

दोन बदल केले, दोन्ही त्या पोस्टमध्येच. एक, रिसोर्स (कशावर नजर ठेवायची ते) म्हणून पूर्ण मेलबॉक्स न देता फक्त इनबॉक्स फोल्डर दिलं. पूर्ण मेलबॉक्समध्ये पाठवलेले मेल येतात, अर्धवट लिहिलेले ड्राफ्टही येतात, त्यांचा ऑर्डरशी काय संबंध? दुसरा बदल मोठा. ग्राफला सबस्क्रिप्शन मागताना प्रेफर नावाच्या हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) ‘इम्युटेबल आयडी’ द्या असं सांगता येतं. मग सूचनांमध्ये जो आयडी येतो तो मेल त्याच मेलबॉक्समध्ये कुठेही हलवला तरी बदलत नाही. हे हेडर सबस्क्रिप्शन तयार करतानाच द्यावं लागतं. चालू सबस्क्रिप्शनला ते नंतर चिकटवता येत नाही, जुनं खोडून नवं करावं लागतं. करार म्हणते ते यासाठीच. आणि नंतर मेल वाचायला जी गेट रिक्वेस्ट कराल तिलाही तेच हेडर लावा, नाहीतर सूचनेत एक आयडी आणि मेलमध्ये दुसरा, असा नवाच घोळ सुरू होईल.

तुमच्या स्टेशनरीवाल्याकडेही कुणीतरी मेल फोल्डरमध्ये हलवत असणार असा माझा अंदाज आहे. फोनवर विचारू नका, जाऊन शेजारी बसा. लोक रोज हाताने करतात ती गोष्ट त्यांना सांगण्यासारखी वाटतच नाही.

रिट्रायने येणारी खरी दुसरी सूचनाही असतेच, ती विसरू नका. सूचना हाती आली की मेल वाचणं, पीडीएफ उघडणं, ऑर्डर बनवणं हे तिथल्या तिथे करू नका. सूचना टेबलमध्ये किंवा क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) टाका आणि लगेच २०२ (‘मिळालं’) द्या. ग्राफची अपेक्षा तीन सेकंदांच्या आत उत्तराची आहे. उत्तर आलं नाही तर ते चार तासांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, आणि तुमचा पत्ता सतत रेंगाळत असेल तर सूचना आधी उशिराने पाठवतं आणि मग सोडूनही देतं. उत्तर आधी, काम मागाहून, आणि काम करणाऱ्या बाजूला आयडीवर युनिक बंधन. एवढं असेल तर तीच सूचना चारदा आली तरी टेम्पो एकदाच भरतो.

तिसरी तक्रार, आठवड्याने शांतता. मुदत संपते, दुसरं काही नाही. मेलच्या सबस्क्रिप्शनला ग्राफ जास्तीत जास्त १०,०८० मिनिटं देतं, म्हणजे सात दिवस. सूचनेसोबत मेलचा मजकूरही मागितला असेल तर १,४४० मिनिटं, एकच दिवस. मुदत संपली की सबस्क्रिप्शन निघून जातं आणि तुमच्या सर्व्हरला कुणीच हाक मारत नाही. मग एरर कुठून येणार?

मुदत वाढवायला त्याच आयडीवर पॅच (असलेल्यात बदल करायची रिक्वेस्ट) करून नवी तारीख द्यायची असते. पण ‘दर सहा दिवसांनी पॅच’ असा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावू नका. एकदा तो जॉब चुकला, त्याच वेळी सर्व्हर बंद होता, ग्राफ वापरायच्या परवानगीचं टोकन संपलं होतं, की पुढचा आठवडा गेला. मी वेगळं करते. माझ्याकडे सबस्क्रिप्शनचं एक टेबल असतं: कुठल्या गिऱ्हाइकाचा मेलबॉक्स, रिसोर्स काय, पत्ता कोणता, समोरून मिळालेला आयडी, मुदत कधीपर्यंत. जॉब दर सहा तासांनी चालतो, ग्राफकडून आपल्या सबस्क्रिप्शनांची यादी मागवतो आणि टेबलशी मिळवणी करतो, दुकानात रोकड आणि खतावणी जुळवतात तशी. टेबलात आहे पण तिकडे नाही, तर तयार कर. दोन्हीकडे आहे पण तीन दिवसांहून कमी उरलेत, तर पॅच. पॅचला ४०४ (‘सापडत नाही’) आला, तर तयार कर. तिकडे आहे पण टेबलात नाही, तर ते कुणीतरी चाचणीत सोडलेलं अनाथ आहे, डिलीट कर. या पद्धतीत ‘तयार कर’ असं कुठेच थेट लिहिलेलं नसतं, ‘हे असायला हवं’ एवढंच लिहिलेलं असतं. जॉब एक दिवस चालला नाही तरी काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी तो स्वतःच सगळं जागेवर आणतो. सर्व्हर दहा वेळा सुरू केला तरी दहा सबस्क्रिप्शनं होत नाहीत.

ही मिळवणी सगळीकडे उपयोगी पडते, कारण प्रत्येक सेवेची तऱ्हा वेगळी. गिटहबवर (कोड ठेवायची सेवा) त्याच रिपॉझिटरीत तोच हुक पुन्हा करायला गेलात तर ४२२ देऊन सांगतं की हा आधीच आहे. काही सेवा निमूटपणे दुसरा करून देतात आणि मग प्रत्येक घटना दोनदा येते. स्ट्राइप (ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा) सूचनेची सही तपासायचं सिक्रेट फक्त तयार करतानाच्या उत्तरात देतं, ते तेव्हाच्या तेव्हा जपून ठेवलं नाही तर एपीआयमधून पुन्हा मिळत नाही. गिटहबला मुदत नसते, पण फसलेली सूचना ते आपणहून पुन्हा पाठवत नाही. एकाचं माहीत आहे म्हणून दुसऱ्याचं तसंच असेल असं धरून चालू नका.

तारखेबद्दल एक बारीक गोष्ट. मुदतीची वेळ यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) द्यायची असते. भारतीय वेळेत सात दिवस मोजून तिच्या शेवटी यूटीसीची खूण लावलीत तर ती साडेपाच तासांनी पुढे जाते, कमाल मर्यादा ओलांडते आणि रिक्वेस्ट नाकारली जाते. मी सरळ सहा दिवस मागते. त्या एका दिवसासाठी भांडण्यात अर्थ नाही.

त्याच पोस्टमध्ये आणखी दोन गोष्टी घाला. क्लायंट-स्टेट म्हणून एक लांब, अंदाज न करता येणारी अक्षरमाला द्या, १२८ अक्षरांपर्यंत चालते. प्रत्येक सूचनेत ती परत येते. जुळली नाही तर सूचना टाकून द्या, कारण तुमचा पत्ता उघड्या इंटरनेटवर आहे आणि त्यावर कुणीही काहीही पाठवू शकतो. दुसरी गोष्ट लाइफसायकलचा पत्ता. सबस्क्रिप्शन काढून टाकलं गेलं, परवानगी पुन्हा द्यायला हवी, काही सूचना हुकल्या, अशा तीन प्रकारच्या खबरा त्यावर येतात. हाही नंतर पॅचने घालता येत नाही, पहिल्याच पोस्टमध्ये हवा.

तुम्ही लिहिलंय की पुढे या स्टेशनरीवाल्याचं ऑनलाइन दुकानही जोडायचं आहे. तिथे क्लायंट-स्टेटऐवजी सही येईल. सूचनेच्या मजकुरावर सिक्रेट वापरून एचमॅक शा-२५६ (सहीसारखा वापरायचा हिशोबी ठसा) काढलेला असतो आणि तो हेडरमध्ये येतो, तुम्ही तोच हिशोब करून ताडायचा. यात आमच्या ऑफिसातल्या एका मुलाचं जे झालं ते सांगते, म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील. त्याच्याकडे बहुतेक सूचनांची सही जुळायची, काहींची कधीच नाही. नापास झालेल्या सूचना एकाखाली एक मांडल्या तेव्हा दिसलं की त्या सगळ्यांत गिऱ्हाइकाचं नाव किंवा पत्ता देवनागरीत होता. तो पायथॉनमध्ये आलेला मजकूर आधी जेसन म्हणून उघडत होता आणि सही काढायला पुन्हा जेसन बनवत होता. स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा वगैरे त्याने जुळवून घेतली होती, म्हणून इंग्रजी नावं पास व्हायची. पण पायथॉन जेसन बनवताना, वेगळं सांगितलं नाही तर, ‘सावित्री’तलं प्रत्येक अक्षर आणि मात्रा युनिकोडच्या आकड्यांत लिहून टाकतो. डोळ्यांना अर्थ तोच, बाइट वेगळे, सही वेगळी. सही नेहमी तारेवरून आले त्याच कच्च्या बाइटवर काढा, जेसन त्यानंतर उघडा. आणि चाचणीच्या डेटात मराठी नावं ठेवा. आपण आपल्याच लोकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि चाचणीला जॉन आणि टेस्ट युजर घालतो, हे मला मनापासून खटकतं.

आता पोलिंगचं, म्हणजे ठरावीक वेळाने आपणच मेलबॉक्स तपासण्याचं. वेबहुक असला तरी थोडं विचारत राहावंच लागतं, कारण सर्व्हर चार तासांहून जास्त बंद राहिला तर त्या वेळच्या सूचना गेल्या. ग्राफमध्ये त्यासाठी डेल्टा क्वेरी आहे. एकदा फोल्डर वाचलं की शेवटी एक लिंक मिळते, पुढच्या वेळी ती लिंक दिली की मधल्या काळात बदललेलं तेवढंच मिळतं. मी ती तासातून एकदा चालवते आणि लाइफसायकलवर ‘सूचना हुकल्या’ अशी खबर आली की लगेच. सापडलेले मेल त्याच क्यूमध्ये जातात, आधी आलेले असतील तर युनिक बंधनावर थांबतात. मेल आल्याबरोबर कळायला वेबहुक, सुटलेलं गोळा करायला डेल्टा.

तुमचं चालू सबस्क्रिप्शन दुरुस्त होणार नाही, नवंच करावं लागेल: इनबॉक्स फोल्डर, प्रेफर हेडर, क्लायंट-स्टेट, लाइफसायकलचा पत्ता. दुकान बंद झाल्यावर रात्री करा. आधी नवं तयार करा, स्वतःला एक मेल पाठवून सूचना आलेली बघा, मग जुनं डिलीट करा. मधल्या काही मिनिटांत एखादा मेल आला तर तो दोन्हीकडून येईल आणि जुन्या-नव्या आयडीमुळे तुमच्या बंधनाला तो वेगळा वाटेल. तेवढ्यापुरतं मेलच्या हेडरमधल्या इंटरनेट मेसेज-आयडीवरही ताडून बघा, तो दोन्हीकडे सारखाच असतो. डेल्टा पहिल्यांदा चालवताना मेल मिळाल्याच्या तारखेची गाळणी लावा, दोन दिवस मागची, नाहीतर इनबॉक्समधले सगळे जुने मेल नव्या आयडीसह पुन्हा ऑर्डर म्हणून उभे राहतील. त्या दोन दिवसांच्या ऑर्डरी सकाळी चलान छापायच्या आधी कुणीतरी हाताने तपासा.